लांबच्या विमानप्रवासात इकॉनॉमीची सीट दर वेळी त्रास देते? या क्रमाने तपासा

आठ-दहा तासांच्या पुढचा प्रवास इकॉनॉमीत केला की उतरताना काहीतरी अवघडलेलं असतंच. घरच्यांच्या आणि ऑफिसातल्यांच्या सीट निवडून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. प्रत्येक जण येऊन म्हणतो, "चांगली सीट बघून दे." मी उलट विचारतो, मागच्या वेळी काय दुखलं? कारण गुडघ्याला सोयीची सीट खांद्यांना गैरसोयीची निघते, आणि झोपेसाठी उत्तम असलेली सीट पायांसाठी वाईट असू शकते. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

मागच्या एक-दोन प्रवासांत यातलं काय झालं ते आठवा. एकापेक्षा जास्त लक्षणं असतील तर सगळ्यात जास्त छळलेलं कोणतं ते ठरवा.

- गुडघे पुढच्या सीटला टेकतात, आणि पुढच्याने पाठ मागे घेतली की हलायलाही जागा उरत नाही.
- गुडघ्यांना जागा आहे, पण खांदे शेजाऱ्याला भिडतात. अंग चोरून एका बाजूला कलून बसावं लागतं आणि पाठ एकाच बाजूने धरते.
- एक पाय सरळ होतो, दुसरा होत नाही.
- पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, मांड्यांच्या मागे सीटची कड रुतते. (उंची कमी असलेल्यांची ही तक्रार कोणी मनावर घेत नाही.)
- झोप लागते पण टिकत नाही. कोणीतरी उठवतं, ट्रॉली कोपराला लागते, उजेड येतो, बाळ रडतं.
- हेलकाव्यांनी पोटात ढवळतं.
- निवडलेली सीट एक आणि बोर्डिंग पासवर भलतीच.
- घोटे सुजतात, पोटऱ्या दगडासारख्या होतात.

शेवटच्या लक्षणाला सीटची निवड थोडीच पुरते. त्याबद्दल शेवटी लिहिलंय, ते वगळू नका.

१. विमान कोणतं आहे ते बघा

याला पैसे लागत नाहीत आणि वेळही फारसा जात नाही, तरी जवळजवळ कोणीच हे करत नाही. तिकीट घेतानाच फ्लाइटच्या तपशिलात विमानाचं मॉडेल लिहिलेलं असतं. खांदे भिडण्याची तक्रार असेल तर निम्मा निकाल इथेच लागतो, कारण सीटची रुंदी रांगेवर ठरत नाही. ती विमानाच्या केबिनवर आणि कंपनीने एका ओळीत किती सीट बसवल्या आहेत त्यावर ठरते.

बोइंग ७७७ हे विमान १९९५ मध्ये सेवेत आलं तेव्हा इकॉनॉमीत एका ओळीला नऊ सीट असणं हे सर्रास होतं. आता बहुतेक कंपन्यांनी त्याच केबिनमध्ये दहा बसवल्या आहेत, म्हणजे ३-४-३ (तीन सीट, वाट, चार सीट, वाट, तीन सीट). सीट साधारण १७ इंचांवर आली आणि आइल, म्हणजे सीटमधली चालायची वाट, तीही अरुंद झाली. बोइंग ७८७ मध्ये बहुतेक ठिकाणी ३-३-३ असते आणि तिथेही रुंदी १७ इंचांच्या थोडी वरच राहते. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये २-४-२ ठेवली आहे, पण असे अपवाद मोजकेच. एअरबस ए३५० मध्ये नऊ सीटच्या ओळीत साधारण १८ इंच मिळतात, ए३३० च्या २-४-२ मध्येही तितकेच, आणि ए३८० मध्ये १८ किंवा किंचित जास्त. ए३५० मध्येही दहा सीटची ओळ घालणाऱ्या कंपन्या आहेत, तेव्हा नुसतं नाव वाचून थांबू नका, ओळ मोजा.

एक इंचाने काय होतं असं वाटेल. प्रौढ पुरुषाचे खांदे १७ इंचांपेक्षा बहुधा रुंदच असतात. तिघे तसे शेजारी बसले की मधल्याला पुढे वाकून बसावं लागतं. खांदे रुंद असतील तर वेळ आणि भाडं सारखं असलेल्या दोन फ्लाइटमधून मी डोळे झाकून २-४-२ वालं ए३३० घेईन, स्क्रीन जुनी असली तरी. या मांडणीत आइलपासून कोणीही एका सीटपेक्षा जास्त लांब नसतो, हा वरचा फायदा.

उतरल्यावर डोकं जड होणं, घसा सुकणं ही मुख्य तक्रार असेल तर मात्र ७८७ किंवा ए३५० बघा. त्यांच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतका राखतात. जुन्या विमानांत तो ८,००० फुटांच्या आसपास जातो, म्हणजे हवा जास्त विरळ. ७८७ आणि ए३५० ची केबिनही शांत असते.

आता गुडघ्यांबद्दल. त्यासाठी ‘सीट पिच’ बघतात. पिच म्हणजे एका सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. लांबच्या इकॉनॉमीत ते बहुधा ३१-३२ इंच असतं, काही कंपन्या ३३-३४ देतात. पण हा आकडा म्हणजे पायांची जागा नव्हे, त्यात सीटच्या पाठीची जाडीही धरलेली असते. पातळ पाठीची नवी सीट ३१ इंचांतही गुडघ्यांना जास्त मोकळी वाटू शकते, विशेषतः मासिकांचा खिसा वर, ट्रेच्या वरच्या बाजूला नेलेला असेल तर. अशा सीटची गादी मात्र बेताचीच असते. चार तासांनंतर बसायला खालून कडक लागते.

२. सीट निवडताच येत नसेल, तर नंबर तपासा

‘सीट मॅप दिसत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. तिकीट एका कंपनीने विकलेलं असतं आणि विमान दुसरीच उडवत असते. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ अशी ओळ शोधा. उडवणाऱ्या कंपनीचा पीएनआर बऱ्याचदा वेगळा असतो. तो विकणाऱ्या कंपनीला किंवा एजंटला विचारून घ्या आणि उडवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाका. मॅप उघडतो.

३. सीट मॅप नीट वाचा

कंपनीचा सीट मॅप म्हणजे चौकोनांची रांगोळी. त्यात मोकळं आणि भरलेलं एवढंच कळतं. दारं, संडास, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि खिडक्या खऱ्या मापात दाखवणारे नकाशे हवे असतील तर एरोलोपाची साइट बघा. कंपनी, मॉडेल आणि त्या मॉडेलचा प्रकार हे तिन्ही जुळवूनच नकाशा उघडा, कारण एकाच कंपनीकडे एकाच मॉडेलच्या दोन-तीन मांडण्या असतात.

या जागा आधी बाद करा : विभागाची शेवटची रांग, कारण मागे भिंत असल्यामुळे तिची पाठ पूर्ण झुकेलच असं नाही. इमर्जन्सी दाराच्या लगेच पुढची रांग, तीच अडचण. संडासाला किंवा गॅलीला खेटून असलेल्या सीट, कारण तिथे रात्रभर दार आपटतं, उजेड येतो आणि रांगेत उभे असलेले लोक तुमच्याच सीटच्या पाठीला हात टेकवतात. खिडकी आवडीची असेल तर तिथे खरोखर खिडकी आहे ना ते बघा. काही रांगांत खिडकीच्या जागी कोरी भिंत असते.

हेलकावे सोसत नसतील तर पंखांच्या वरची रांग घ्या. विमानाचा तोल त्या भागात असतो, त्यामुळे तिथे वर-खाली होणं कमी जाणवतं, शेपटीकडे ते जास्त. आवाजाचा त्रास असेल तर पंखांच्याही पुढे जा. इंजिनांच्या मागे घरघर वाढते.

मागच्या भागात एक सवलत लपलेली असते. ७७७ चं शेपूट निमुळतं होतं, म्हणून ३-४-३ च्या शेवटच्या काही ओळींत कडेच्या तीन सीटच्या दोन होतात. भिंत आणि खिडकीकडची सीट यांच्यामध्ये फट राहते, त्यात छोटी बॅग आणि उशी सहज मावते. दोघं जण असाल आणि हेलकाव्यांचं वावडं नसेल, तर ३-४-३ मध्ये मला यापेक्षा बरी जागा ठाऊक नाही. जेवण उशिरा पोचतं, उतरायला वेळ लागतो, हे धरून चला. ए३८० च्या वरच्या मजल्यावर ज्या कंपन्यांनी इकॉनॉमी ठेवली आहे तिथेही २-४-२ असते, आणि खिडकीला लागून झाकणाचा कप्पा मिळतो.

४. आइल, खिडकी की मधली : कोण तुम्हाला उठवणार ते मोजा

‘आइल घे’ हा सल्ला अर्धवट आहे. कोणती आइल, हे सांगायला हवं.

३-४-३ मध्ये कडेच्या तीन सीटपैकी आइल घेतलीत तर आतले दोघंही तुम्हाला ओलांडून जाणार. मधल्या चारांपैकी आइल घेतलीत तर एकच जण तुमच्याकडून जातो, दुसरा पलीकडून. ३-३-३ मध्ये मधल्या तिघांची आइल त्याहून बरी. तिथे आत बसलेला माणूस एकच आणि त्याला बाहेर पडायला दोन बाजू. तुम्ही झोपला असाल तर तो बहुधा दुसऱ्याला उठवतो.

गुडघा एकच दुखत असेल तर बाजूही बघा. बसल्यावर ज्या हाताला आइल येते त्याच बाजूचा पाय बाहेर लांब करता येतो. ३-४-३ मध्ये बहुतेक ठिकाणी अक्षरं डावीकडून एबीसी-डीईएफजी-एचजेके अशी असतात, म्हणून सी आणि जी सीटच्या उजव्या हाताला आइल येते, डी आणि एचच्या डाव्या. म्हणजे उजवा गुडघा कुरकुरत असेल तर सी किंवा जी. लोक हे लक्षातच घेत नाहीत, आणि दुखरा पाय नेमका आत दुमडून दहा तास काढतात. फक्त ट्रॉली येताना पाय आत घ्या. भरलेली ट्रॉली चांगली जड असते आणि ढकलणाऱ्याला पुढचं खालचं काही दिसत नाही.

झोप हीच मुख्य गरज असेल तर खिडकी. कोणी ओलांडत नाही आणि डोकं टेकायला भिंत मिळते. डावीकडे डोकं टेकून झोपायची सवय असेल तर ए, उजवीकडे असेल तर के. पण रात्रीतून तीनदा उठावं लागणाऱ्याने भिंतीच्या मोहात पडू नये. तो पाणी पिणं टाळतो, हलणं टाळतो आणि घोट्यांची तक्रार घेऊन उतरतो.

दोघांनी ए आणि सी घेऊन मधली बी रिकामी राहील अशी आशा धरायची, ही युक्ती जुनी आहे. फ्लाइट भरलेली नसेल तरच चालते. बीवर कोणी आलाच तर त्याला कडेची सीट द्या. नकार देणारा अजून भेटलेला नाही.

५. पैसे भरून मिळणाऱ्या ‘एक्स्ट्रा लेगरूम’ सीट

इथे खिशाला हात घालावा लागतो, म्हणून हे इतकं खाली. आणि सगळ्यात जास्त निराशाही इथेच पदरी पडते.

इमर्जन्सी दाराच्या रांगेत पुढे सीटच नसते, म्हणून ट्रे आणि स्क्रीन हँडरेस्टमध्ये बसवलेले असतात. परिणाम असा की हँडरेस्ट जाड आणि पक्का होतो, वर उचलता येत नाही, आणि बसायची जागा इतर रांगांपेक्षा अरुंद पडते. गुडघे सुटले, खांदे आणि मांड्या अडकल्या. अंगाने भरलेल्या माणसाला ही सीट मी कधीच सुचवत नाही. सामान टेकऑफ आणि लँडिंगला वरच्या कप्प्यातच ठेवावं लागतं. समोरची मोकळी जागा सगळ्यांनाच मोकळी वाटते, त्यामुळे संडासाची रांग तिथे उभी राहते, कोणी व्यायाम करतं, कोणी गप्पा मारतं.

या रांगेतली खिडकीची सीट घेण्याआधी मोठ्या नकाशात दार कुठे येतं ते बघाच. दाराच्या आतल्या अंगाला आपत्कालीन घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. तिचा फुगीर डबा थेट तुमच्या नडगीसमोर येतो. जादा पैसे भरलेत आणि पाय तिरके करून बसायचं, असा प्रकार. त्यातून दाराकडून पायांना गारवा लागतो. जाड मोजे ठेवा.

लहान मुलं, गरोदर स्त्रिया, जादा लांबीचा पट्टा लागणारे किंवा मदतीची गरज असलेले प्रवासी यांना या रांगेत बसू देत नाहीत. पैसे भरले असले तरी क्रू उठवतो, आणि तो नियम सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे. वाद घालू नका.

भिंतीमागची पहिली रांग, म्हणजे बल्कहेड, वेगळी. पुढून कोणी पाठ पाडत नाही हे सुख. पण भिंत जवळ असली तर पाय लांब होत नाहीत, आणि बाळांचे पाळणे याच भिंतीला लावतात. पट्टा बांधायचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून उचलून घ्यावं लागतं, म्हणजे नुकतं झोपलेलं बाळ उठतं. तुमच्या बाळाला पाळणा हवा असेल तर हीच रांग मागा. नसेल तर ही रांग सोडा.

६. दुसरीच सीट मिळते, तेव्हा

बहुतेकदा मधल्या काळात विमान बदललेलं असतं. सिस्टीम तुम्हाला जमेल तसा नवा नंबर देते. कधी नंबर तोच राहतो, पण नव्या विमानात ती रांग संडासाला लागून येते. ‘वेळापत्रकात बदल’ असा मेल आला की वेळ पाच मिनिटांनीच बदलली असली तरी सीट मॅप उघडून बघा. ओळ ३-३-३ ची ३-४-३ झाली असेल तर विमानच वेगळं आहे. पैसे भरून घेतलेली सीट गेली असेल तर परताव्यासाठी त्या सीटची पावती लागते. ती तिकिटापासून वेगळी असते, जपून ठेवा.

वेब चेक-इन बऱ्याच कंपन्यांचं २४ तास आधी उघडतं, काहींचं ४८ तास. अडवून ठेवलेल्या काही सीट तेव्हा मोकळ्या होतात. त्या मिनिटाला बसा. नाहीच जमलं तर गेटवरच्या माणसाला शांतपणे एकच नेमकी गोष्ट विचारा : "मागच्या भागात आइलची कुठली मोकळी आहे का?" ‘काहीतरी चांगलं द्या’ याला उत्तर मिळत नाही.

७. सीटवर बसल्यावर, दार बंद होण्याआधी

पाठ मागे जाते का, स्क्रीन चालते का, हँडरेस्ट हलतो का, हे लगेच बघा. दार बंद होईपर्यंत क्रू काही करू शकतो. नंतर भरलेल्या विमानात त्यांचेही हात बांधलेले.

पायाशी चाचपून बघा. एक पाय अडकतो ना, तो बहुधा स्क्रीनच्या यंत्रणेच्या धातूच्या डब्यामुळे, जो पुढच्या सीटच्या पायाला जोडलेला असतो. तो हलत नाही. मग निदान बॅग त्याच बाजूला ढकला आणि दुसरी बाजू पायाला ठेवा. काही नकाशांत हे डबे नोंदवलेले असतात, पुढच्या वेळी बघून घ्या.

आइलकडचा हँडरेस्ट पक्का वाटतो, पण बऱ्याच सीटना खालून, बिजागरीजवळ, एक छोटी कळ किंवा बटण असतं. बोटं खालून मागे सरकवत न्या. खाचेत कळ लागली की ती दाबून हँडरेस्ट वर उचला. टेकऑफ आणि लँडिंगला खाली हवा. मांड्यांना केवढी जागा सुटते ते करूनच बघा.

पाय टेकत नसतील तर बॅग पायाखाली आडवी ठेवा, मांडीवरचा दाब उतरतो. कंबरेच्या खळग्यात गुंडाळलेलं पांघरूण. डोक्याची गादी वर-खाली होते आणि तिच्या कडा आत वळतात, त्या वळवा.

८. हे सगळं करूनही भागत नसेल तर

पाय लांब आणि खांदेही रुंद, अशा माणसाला इकॉनॉमीत जागा नाही, हे मान्य करून प्रीमियम इकॉनॉमीचं भाडं बघा. पिच साधारण ३८ इंच आणि सीट स्पष्टपणे रुंद. दोन्ही भाड्यांतल्या फरकाला तासांनी भागा. रात्रीच्या चौदा तासांना तो पटतो, दिवसाच्या आठ तासांना मला सहसा पटत नाही.

इथे थांबा, आणि माणूस बोलवा

सीट मोडलेली असेल, पाठ अडकली असेल, तर ओढाताण करू नका. सीटमध्ये विजेच्या तारा असतात. क्रूला सांगा, ते नोंद करतात. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट अजिबात हलवू नका, पाठ पुढे-मागे करू नका. यंत्रणेत चिरडलेली फोनची बॅटरी पेट घेऊ शकते. लगेच क्रूला बोलवा.

घोट्यांच्या सुजेचं काम सीट निवडणाऱ्याचं नाही, डॉक्टरचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून जास्त प्रवासानंतर शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसाला तो मुळात कमीच असतो, सुमारे ६,००० मध्ये एक. पण स्थूलपणा, १.९० मीटरहून जास्त किंवा १.६० मीटरहून कमी उंची, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष यांनी तो वाढतो. पूर्वी गाठ झाली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, पाय प्लास्टरमध्ये असेल, कॅन्सरवर उपचार चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना भेटा. दाबाचे मोजे कोणत्या मापाचे घालायचे तेही त्यांनाच विचारा. त्रास नसलेल्यांनी आइल घेऊन तासा-दीड तासाने उठायचं आणि बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, एवढं पुरतं.

दोन्ही घोटे थोडे सुजून दुसऱ्या दिवशी उतरले तर ते बसण्याचं. एकाच पोटरीत दुखतंय, ती सुजलीय, गरम किंवा लाल झालीय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. प्रवास संपून काही आठवडे झाले असले तरीही. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, तर तातडीची मदत बोलवा, आणि विमानात असाल तर क्रूला त्या क्षणी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून घेऊ नका.